शिक्षेची मुदत आणि शाळेचे वर्ष

१/ ‘रिमांड होम’ हा शब्द मराठी घरांत मुलांना धाक घालण्यासाठी वापरला गेला. त्या भिंतींआड शाळा कशी भरते, हे मात्र क्वचितच विचारले गेले. त्या शाळेचा हा थोडक्यात इतिहास.

२/ १८५० च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याने निराधार वा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना कारागिराच्या हाताखाली उमेदवारीला ठेवता येऊ लागले. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने सुधारशाळा उभी राहिली. दोन्हींचा भर हातांना काम शिकवण्यावर होता.

३/ पुढे १८७६ चा आणि त्याची जागा घेणारा १८९७ चा रिफॉर्मेटरी स्कूल्स कायदा आला. त्यानुसार १५ वर्षांखालील दोषी मुलाला तुरुंगाऐवजी ३ ते ७ वर्षे सुधारशाळेत ठेवता येई. सराईत कैद्यांपासून मूल दूर राहिले, हे त्याचे श्रेय.

४/ आता १८९७ च्या कायद्यातील शाळेच्या अटी पाहा. रात्री मुलांना वेगवेगळे ठेवण्याची सोय. स्वच्छता, पाणी, अन्न, कपडे, अंथरूण. औद्योगिक प्रशिक्षण. आजाऱ्यांसाठी जागा.
या यादीत लेखन-वाचन नाही.

५/ म्हणजे अक्षरओळख कुठेच करून दिली जात नसे, असे नव्हे. परंतु ती त्या अटींचा भाग नव्हती. गरिबाच्या मुलाला कसब पुरेसे, ही धारणा कायद्यातच मुरलेली होती.

६/ २०१५ च्या बाल न्याय कायद्याने शिक्षणाला पुनर्वसनात स्पष्ट स्थान दिले. पण अडचण वेळेची आहे. चौकशी ४ महिन्यांत, फार तर आणखी २ महिन्यांत संपावी, असा सर्वसाधारण नियम. जामीन त्याआधीही मिळू शकतो. शाळेचे वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होते आणि कोणासाठी थांबत नाही.

७/ त्यामुळे निरीक्षणगृहातील एकाच वर्गात चौथीत शाळा सुटलेला आणि दहावीच्या उंबरठ्यावरचा मुलगा शेजारी बसू शकतात. माध्यमे निराळी, जुन्या शाळेचा दाखला हाती नाही. शिक्षक वर्षाची आखणी कशी करणार?

८/ शिक्षणहक्क कायद्याची हमी ६ ते १४ वयोगटापुरती. विधिसंघर्षग्रस्त मुलांत बहुसंख्य १६ ते १८ वर्षांची. त्यांच्यापुढे उरतो सतरा नंबरचा फॉर्म किंवा मुक्त विद्यालय, आणि तोही कोणी वेळेत भरून दिला तर.

९/ १८९७ मध्ये अंथरूण-पांघरुणाचा हिशेब कायद्याने मागितला होता. आज मागायचा हिशेब वेगळा आहे: बाहेर पडलेल्या मुलाचे नाव पुढच्या जूनमध्ये कोणत्या हजेरीपटावर आहे?