अणुवीज केंद्रातील अपघात : जनसुरक्षा आणि शासनाचा प्रतिसाद

अणुवीज केंद्रात अपघात होऊन किरणोत्सारी द्रव्ये कुंपणाबाहेर पडली, किंवा पडण्याची चिन्हे दिसली, की लोकांच्या बचावासाठी शासन जी पावले उचलते त्यांची ही नोंद. महाराष्ट्रात चालू अणुवीज केंद्र एकच, पालघर जिल्ह्यातले तारापूर. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 मध्ये सुरू झाल्या, 540 मेगावॉटच्या आणखी दोन 2005-06 मध्ये आल्या.

अपघात कुंपणाच्या आत असेतोवर सूत्रे केंद्राकडेच राहतात. तो बाहेर गेला की ‘ऑफसाइट इमर्जन्सी’ जाहीर होते आणि जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर येते. शास्त्रज्ञ सल्ला देतात. गाव हलवायचे की नाही, हा हुकूम मात्र जिल्हाधिकाऱ्याचा. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हे काम ठाण्याहून चालत असे. आराखडा केंद्राभोवतीच्या 16 किलोमीटरचा असतो. तारापूरच्या या वर्तुळात मच्छीमारांची गावे आहेत आणि बोईसरच्या बाजूला एमआयडीसीतले रासायनिक कारखानेही. बस किती लागतील, या प्रश्नाइतकाच कारखाने सुरक्षितपणे कोण बंद करणार, हा प्रश्नही इथे मोठा आहे.

लोकांना सांगायच्या गोष्टी थोड्या असतात : घरात थांबा, दारे-खिडक्या लावून घ्या, उघड्यावरचे पाणी आणि भाजीपाला वापरू नका, सांगितल्यावर आयोडीनची गोळी घ्या. ही गोळी थायरॉईड ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरून टाकते, त्यामुळे किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा उरत नाही. ती वेळेवर घेतली तरच उपयोग. बाकीच्या किरणोत्सारावर तिचा काहीच इलाज नाही, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते.

गाव रिकामे करणे हा उपाय वाटतो तितका निर्धोक नाही. चेर्नोबिलला 26 एप्रिल 1986 च्या पहाटे स्फोट झाला. शेजारच्या प्रिपियातचे सुमारे 49 हजार लोक दुसऱ्या दिवशी दुपारी हलवले, तोवर मुले रस्त्यावर खेळत होती. फुकुशिमात 2011 मध्ये उलट घडले. हुकूम 3 किलोमीटरवरून 10 वर आणि मग 20 वर, असा दोन दिवसांत वाढत गेला. घाईने हलवलेल्या रुग्णालयांतले आणि वृद्धाश्रमांतले अनेक आजारी, म्हातारे प्रवासाच्या हालातच दगावले. खाटेवरच्या रुग्णाला औषधे आणि सेवकांसह घरातच ठेवणे कधीकधी बरे, हा तिथला धडा.

धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातला भूम तालुका मात्र अशा कुठल्याही 16 किलोमीटरच्या वर्तुळात येत नाही. तारापूर तिथून सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर. या भागाला शासकीय प्रतिसादाची ओळख झाली ती 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावे जमीनदोस्त झाली तेव्हा. त्यानंतरच राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत आपत्ती नियंत्रण कक्ष उभे राहिले. पुढे 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्याकडे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद दिले. अणुअपघातातही यंत्रणा हीच.

दूरच्या तालुक्यांचा संबंध येतो तो दुधातून. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने मोठ्या अणुभट्ट्यांभोवती अन्नावर लक्ष ठेवण्याचे अंतर 300 किलोमीटर सुचवले आहे. भूम त्याच्या थोडे बाहेर पडते. पण वारा आणि पाऊस असली वर्तुळे पाळत नाहीत. गवतावर पडलेले आयोडीन गाय खाते आणि ते दुधात उतरते. ब्रिटनमध्ये 1957 च्या विंडस्केल आगीनंतर सुमारे 500 चौरस किलोमीटरवरचे दूध ओतून दिले गेले. चेर्नोबिलभोवती ते वेळीच थांबवले नाही. तेव्हा लहान असलेल्या हजारोंना पुढे थायरॉईडचा कर्करोग झाला, त्यामागे मुख्यतः हेच दूध.

भूम तालुका खव्याचा, कुंथलगिरीचा पेढा प्रसिद्ध. पाच-सहा लिटर दुधाचा किलोभर खवा होतो, म्हणजे दुधात सीझियम हे दुसरे किरणोत्सारी द्रव्य असेल तर खव्यात तेही तितक्याच पटीने दाट होणार. तेव्हा तपासणी भट्टीवरच्या खव्याची नव्हे, संकलन केंद्रावरच्या दुधाची आधी व्हायला हवी. किरणोत्सारी आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मे होते. दुधाची भुकटी करून अडीच-तीन महिने ठेवली तर ते जवळजवळ संपते. सीझियम-137 ला निम्मे व्हायला 30 वर्षे लागतात. मर्यादेबाहेर सीझियम असलेले दूध नष्टच करावे लागते आणि त्याची भरपाई शेतकऱ्याला द्यावी लागते.