‘युलिसिस’चा तक्ता आणि ब्लूमचा बटाटा

आधुनिकतावादी कादंबरीतील प्रतीके उलगडत वाचण्याची जी रीत पुढे वर्गावर्गांत रुजली, ती घडवण्यात जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’चा वाटा फार मोठा आहे. १६ जून १९०४ या एका दिवसाची, डब्लिन शहरातली ही कादंबरी सिल्व्हिया बीच यांनी २ फेब्रुवारी १९२२ रोजी पॅरिसमध्ये प्रसिद्ध केली. होमरच्या महाकाव्याशी तिचे नाते नावातून कळते, कारण युलिसिस हे त्यातील नायक ओडिसियस याचेच लॅटिन नाव आहे. आतल्या अठरा प्रकरणांवर मात्र शीर्षके नाहीत.

वाचकाला वाट दाखवली ती खुद्द लेखकाने. सप्टेंबर १९२० मध्ये जॉइसने इटालियन समीक्षक कार्लो लिनाती यांना एक तक्ता पाठवला. प्रत्येक प्रकरणाची वेळ, शरीराचा अवयव, कला, रंग, प्रतीक आणि निवेदनतंत्र त्यात मांडले होते. फ्रेंच लेखक व्हालेरी लार्बो यांनी ७ डिसेंबर १९२१ रोजी पॅरिसमध्ये कादंबरीवर व्याख्यान दिले. त्याच्या तयारीसाठी त्यांना जॉइसकडून दुसरा तक्ता मिळाला होता. दोन्ही तक्ते सगळीकडे जुळत नाहीत. ही विसंगती महत्त्वाची आहे, कारण लेखकाचा स्वतःचा अर्थही लिहिता लिहिता बदलत होता, हे तिच्यावरून दिसते.

१९२३ मध्ये कवी टी. एस. एलियट यांनी पुराणकथेचा समांतर वापर हेच या कादंबरीचे मोठेपण ठरवले. एझ्रा पाउंड यांना मात्र होमरचा सांगाडा ही बांधकामापुरती परांची वाटत होती. पारडे एलियट यांच्या बाजूने झुकले. १९३० मध्ये स्टुअर्ट गिल्बर्ट यांनी जॉइसच्या मदतीने लिहिलेल्या ग्रंथात तक्ता लोकांपुढे आला. तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत कादंबरीवर बंदी होती. त्यामुळे अनेकांच्या हाती मूळ पुस्तकाआधी भाष्यच पडले, आणि प्रतीक शोधण्याची सवय तिथूनच बळावली.

या सवयीत पात्र हरवते. लिओपोल्ड ब्लूम हा वर्तमानपत्रासाठी जाहिराती मिळवणारा अडतीस वर्षांचा गृहस्थ. सकाळी नाश्त्यासाठी मूत्रपिंड आणायला निघताना तो खिसा चाचपतो. दाराची किल्ली दुसऱ्या विजारीत राहिलेली असते, बटाटा मात्र जवळ असतो. हा बटाटा कशासाठी, हे तिथे सांगितलेले नाही. रात्री वेश्यागृहात झोई नावाची मुलगी त्याच्या खिशातून तो काळा, कडक, सुरकुतलेला बटाटा काढून घेते. पुढे ब्लूम तो परत मागतो, कारण ती त्याच्या आईची आठवण आहे. तक्ता हाती धरला की हा बटाटा म्हणजे होमरच्या महाकाव्यात सर्सी या जादूगारणीच्या जादूपासून ओडिसियसला वाचवणारी वनस्पती ठरतो. आयर्लंडचा इतिहास जाणणाऱ्याला १८४५ पासूनचा बटाट्याचा दुष्काळ आठवतो. दोन्ही अर्थ खरे आहेत, पण ते टिकतात ते आई गमावलेल्या त्या माणसाच्या आधारावर. जॉइसचा चित्रकार मित्र फ्रँक बजन याने १९३४ च्या पुस्तकात ब्लूम या माणसावरच भर दिला, आणि तीच वाट अधिक भरवशाची आहे.

पात्राच्या मनातले विचार येतील तसे मांडण्याचे ‘युलिसिस’मधले संज्ञाप्रवाहाचे तंत्र मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) मध्ये वापरले. तिथेही वाचकाने आधी पात्राच्या मनात चालणारे ऐकावे आणि प्रतीकांची यादी मागाहून करावी.