दिवाणखान्यातला संगणक

दिवाणखाना म्हणजे मुळात कचेरीची, दरबाराची जागा. तिथे कोणी यावे आणि कोणी बाहेर थांबावे, हे ठरवणारा कोणीतरी असे. टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांचा इतिहास वाचताना शब्दातला हा जुना अर्थ पुन्हा जागा होतो. खेळांसाठीच्या संगणकाला कन्सोलप्रमाणे दिवाणखान्यात बाजारपेठ आहे का, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो प्रवेशाचा आणि खर्चाचा प्रश्न आहे.

१९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. कोणीही, कसेही खेळ काढून दुकाने भरून टाकली होती, हे त्याचे एक प्रमुख कारण. १९८५ मध्ये निन्टेंडोने त्याच बाजारात कन्सोल आणला, तो कुलूप लावूनच. यंत्रातील एक चिप अनधिकृत काडतूस चालू देत नसे. खेळ काढणाऱ्याला परवाना घेऊन निन्टेंडोला पैसे द्यावे लागत. यंत्र स्वस्तात विकून कमाई खेळांतून करायची, हा पुढे रूढ झालेला व्यवहार अशा कुलपावरच उभा राहिला.

हे कुलूप सैल करण्याचा एक प्रयत्न १९९३ मध्ये थ्रीडीओ कंपनीने केला. तिने यंत्राचा आराखडा तयार केला. यंत्रे मात्र पॅनासॉनिकसारख्या कंपन्यांनी बनवली. खेळांची रॉयल्टी थ्रीडीओकडे जाई, म्हणून उत्पादकाला नफा यंत्रातूनच काढणे भाग होते. किंमत झाली ६९९ डॉलर. दोन वर्षांपूर्वी आलेला निन्टेंडोचा कन्सोल १९९ डॉलरचा होता. थ्रीडीओ टिकला नाही.

याउलट २००१ चा एक्सबॉक्स पाहावा. इंटेलचा प्रोसेसर, हार्ड डिस्क, म्हणजे आतून जवळजवळ संगणकच. तरीही तो दिवाणखान्यात स्थिरावला, कारण यंत्रावरील तोटा मायक्रोसॉफ्टने स्वतः सोसला आणि दाराची किल्लीही स्वतःकडेच ठेवली.

नोव्हेंबर २०१५ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीची 'स्टीम मशीन्स' बाजारात आली आणि थ्रीडीओची चूक नव्या वेषात अवतरली. यंत्रे एलियनवेअरसारख्यांची, खेळांच्या विक्रीतला वाटा व्हॉल्व्हचा. त्यात भर म्हणजे ती लिनक्सवर चालत आणि बहुसंख्य खेळ विंडोजसाठी लिहिलेले. २०१८ मध्ये व्हॉल्व्हने आपल्या दुकानाच्या मुख्य यादीतून त्यांचा उल्लेख काढून टाकला.

मात्र त्याच वर्षी आलेल्या 'प्रोटॉन'मुळे विंडोजचे असंख्य खेळ लिनक्सवर चालू लागले. २०२२ मध्ये 'स्टीम डेक' हा हातात मावणारा, टीव्हीलाही जोडता येणारा संगणक आला. तो व्हॉल्व्हने स्वतः काढला होता आणि किंमत ३९९ डॉलरपासून होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने स्वतःचेच नवे 'स्टीम मशीन' जाहीर केले.

यावरून दिसते ते असे की बाजारपेठ होतीच. तिचा खर्च उचलणारा मिळत नव्हता. पण येथेच खरी अडचण सुरू होते. ज्या यंत्रावर कोणतीही प्रणाली चढवता येते, कोणत्याही दुकानातला खेळ चालतो, ते तोट्यात विकणे धोक्याचे. घेणारा ते कचेरीच्या कामालाही वापरील. स्वस्ताई हवी तर कुलूप सोसावे लागते, मोकळीक हवी तर पूर्ण किंमत मोजावी लागते. विकत घेतलेले पुस्तक कोणत्या दिव्याखाली वाचावे, हे प्रकाशक ठरवत नाही. आपल्या घरातील यंत्राबाबत तोच हक्क आपल्याला किती किमतीला हवा आहे, हे ठरवणे अखेर ग्राहकाच्याच हाती आहे.