संकेतस्थळावरील मराठी मजकुराची वाचनीयता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संकेतस्थळावरील मजकूर कोणत्याही ब्राउझरमध्ये व कोणत्याही आकाराच्या पडद्यावर वाचता यावा, हे आज गृहीत धरले जाते. मराठीच्या बाबतीत मात्र ही स्थिती दीर्घ वाटचालीनंतर आली. प्रस्तुत निबंधात तिच्या तीन टप्प्यांचा आढावा घेतला आहे.

१. फाँटवर अवलंबून असलेला मजकूर

भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये 'इस्की' हे संकेतमानक स्वीकारले. परंतु त्या दशकातील प्रचलित ब्राउझर त्याचा उपयोग करीत नव्हते. त्यामुळे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले फाँट वापरले गेले. वाचकाच्या संगणकावर तोच फाँट नसल्यास पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे उमटत. १९९७ मध्ये 'डायनॅमिक फाँट'चा उपाय पुढे आला. पण इंटरनेट एक्स्प्लोरर ४ चे 'ईओटी' आणि नेटस्केप नेव्हिगेटर ४ चे 'पीएफआर' ही स्वरूपे परस्परांना चालत नसल्याने एकच फाँट दोनदा सिद्ध करावा लागे. याहून गंभीर बाब अशी की, मजकूर डोळ्यांना मराठी दिसला तरी संगणकाच्या लेखी तो मराठी नव्हता. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठविली जाई. परिणामी शोध व वर्णानुक्रम दोन्ही अशक्य होत.

२. युनिकोडचा स्वीकार

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ चीच. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती. विंडोज २००० मध्ये 'मंगल' फाँट उपलब्ध झाला, तरी विंडोज एक्सपीमध्येही जोडाक्षरांसाठी वेगळी सोय सुरू करावी लागे. २००३ मध्ये मराठी विकिपीडिया युनिकोडमध्ये सुरू झाला. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र स्थान २००८ च्या ५.१ आवृत्तीत मिळाले.

३. पडद्याचा आकार

मोबाईलच्या प्रसारानंतर ठरावीक रुंदीची पृष्ठे गैरसोयीची ठरली. इथन मार्कोट यांनी २०१० मध्ये पडद्यानुसार बदलणाऱ्या मांडणीची संकल्पना मांडली. २०१२ मध्ये 'मीडिया क्वेरीज' व 'वॉफ' फाँट या दोहोंना डब्ल्यूथ्रीसीची मान्यता मिळाली. तथापि, रोमन लिपीसाठी ठरविलेली मापे देवनागरीला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. ओळींमधील अंतर अपुरे असल्यास वरच्या मात्रा व खालचे उकार एकमेकांना भिडतात. अक्षरांतील अंतर वाढविल्यास शिरोरेषा तुटते.

निष्कर्ष

वाचनीयतेचा प्रश्न केवळ तांत्रिक नसून तो दस्तऐवजांच्या जतनाचाही आहे. जुन्या फाँटमधील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. मात्र त्यासाठी त्या विशिष्ट फाँटची संकेतरचना ज्ञात असावी लागते. ज्या महाविद्यालयांच्या पत्रिका व प्रबंध अशा फाँटमध्ये टंकलिखित आहेत, त्यांनी मूळ धारिकांसह ते फाँटही जपून ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा अलीकडच्या काळातील लेखनच भावी अभ्यासकांस दुर्बोध ठरेल.