तेरा मते

श्रोते मंडळी, पुण्यात बुधवार पेठेतल्या दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर भिडेवाडा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथे मुलींची शाळा उघडली. वाडा पुढे पार मोडकळीस आला, आणि २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी तो उतरवण्यात आला. हे जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासदही होते, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याची सूचना आली, तेव्हा विरोधी मत पडले ते एकट्या जोतीरावांचे. त्यांचे म्हणणे असे की हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा. पुढे १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढेही त्यांनी तेच मांडले : सारा भरतो शेतकरी, आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गाकडे, तेव्हा निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा.

कमिशनचा अहवाल झाला, सक्ती काही आली नाही. पुण्यातल्याच दुसऱ्या एका माणसाने ही मागणी पुढे देशाच्या कायदेमंडळात नेली. ते म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांचे नाव घेतले की मवाळ हा शब्द आपसूक तोंडी येतो. पण कायदेमंडळातल्या माणसाची पारख करायची तर त्याने कोणती विधेयके आणली, मत कुठे टाकले आणि पोट कशावर भरले, हे बघावे. शेवटचे आधी सांगतो. गोखल्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीत वीस वर्षे तुटपुंज्या पगारावर काम केले. वरिष्ठ कायदेमंडळात त्यांना निवडून देत ते मुंबई कायदेमंडळातले बिनसरकारी सभासद. तुमच्याआमच्या आजोबा-पणजोबांना तेव्हा मतच नव्हते, म्हणून प्रचाराचा खर्चही नव्हता. खर्च नाही हे बरे; पण मतदार मूठभर, हे काही बरे नव्हे.

आता मतांकडे या. १९०१ साली मुंबई कायदेमंडळात जमीन महसूल कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आले. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा द्यायची, पण ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क काढून घ्यायचा, असा त्याचा रोख होता. सरकार म्हणे, शेतकरी सावकाराच्या तावडीतून सुटेल. गोखले म्हणाले, अशाने त्याची पतच जाईल, आणि अडीअडचणीला कर्ज देणार कोण? बहुमत सरकारचे. तेव्हा फिरोजशहा मेहता आणि गोखले आणखी काही सभासदांसह सभागृह सोडून गेले. नुसती मतांची यादी पाहणाऱ्याला ते गैरहजर दिसतील. पण ती गैरहजेरी हेच त्यांचे मत होते.

वरिष्ठ कायदेमंडळात गेल्यावर १९०२ च्या पहिल्याच अंदाजपत्रकी भाषणात त्यांनी मिठावरच्या कराला हात घातला. तेव्हा हा कर मणाला अडीच रुपये होता. पुढे तो उतरत उतरत १९०७ साली एक रुपयावर आला. हे सगळे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे मी म्हणणार नाही, पण वर्षामागून वर्ष हा विषय त्यांनी सोडला नाही.

आता मुख्य गोष्ट. १९११ च्या शिरगणतीत लिहितावाचता येणारी माणसे शंभरात जेमतेम सहा होती. त्याच वर्षी मार्चमध्ये गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी १८९३ पासून अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला होता आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लावला होता. तो दाखला समोर होता. विधेयक मात्र फार जपून लिहिलेले होते. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती सक्ती. तीही ज्या गावी ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तिथेच. आणि नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने सरकारची परवानगी घेऊन ती लागू करायची. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या बापाला फी माफ. शिक्षकमित्रहो, याहून सौम्य कायदा कोणता असणार?

तरीही विरोध झाला. सरकार म्हणाले, पैसा कुठून आणायचा? आणि लोकांची तशी मागणी तरी कुठे आहे? पोरे शाळेत गेली तर शेतमजूर मिळायचे नाहीत, ही जमीनदारांची धास्ती होती. १९१२ च्या मार्चमध्ये कलकत्त्यास चर्चा झाली. मागणी काय, तर विधेयक सिलेक्ट कमिटीकडे पाठवा, एवढीच. मालवीय, जिना, मुधोळकर अशी मंडळी बाजूने उभी राहिली. मते मोजली : बाजूने १३, विरुद्ध ३८. सरकारी अधिकारी एका गठ्ठ्याने विरुद्ध गेले हे उघडच होते. पण काही हिंदी सभासदही त्यांच्या जोडीला बसले, ही गोष्ट अधिक सलते. विधेयक पडणार हे गोखल्यांना आधीच माहीत होते, आणि त्यांनी सभागृहात तसे बोलूनही दाखवले. १९१५ साली ते वारले.

पण हा विषय मेला नाही. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता कायदा करून घेतला, आणि १९२३ च्या कायद्याने तो हक्क लोकल बोर्डांपर्यंत, म्हणजे खेड्यांपर्यंत, आला.

मात्र गोखल्यांच्या विधेयकात एक गोष्ट उणी होती आणि ती सांगितली पाहिजे. सक्ती मुलग्यांवर, मुलींचे नंतर पाहू, असा त्याचा सूर होता. ज्या पुण्यात साठ वर्षांपूर्वी भिडेवाड्यात मुलींची शाळा भरली, त्या पुण्याच्या पुढाऱ्याने मुलींना मागे ठेवावे! त्याचे फळ १९२० च्या सुमारास दिसले. सक्ती मुलींनाही लावायची का, यावरून पुण्यात मोठा वाद पेटला, आणि रमाबाई रानड्यांना बायकांना घेऊन रस्त्यावर उतरावे लागले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलगा-मुलगी सर्वांना हक्क देणारा देशाचा कायदा २००९ मध्ये झाला, आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.