माणशी अडीच मिनिटे

मुंबईत जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९५ साली झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा ५० माणसांमागे एक शौचकूप असे प्रमाण धरले गेले. कागदावर आकडा वाजवी दिसतो. पण वस्तीतली माणसे दिवसभर सारख्या अंतराने संडासाला जात नाहीत. पहिली लोकल गाठणारे, सोसायट्यांत धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका, सकाळच्या शाळेची मुले ही सगळी साधारण पाच ते सात या वेळात रांगेत असतात. दोन तासांची १२० मिनिटे ५० जणांत वाटली, तर माणशी अडीच मिनिटेही येत नाहीत. तेवढ्यात टमरेल घेऊन आत जायचे, कडी लावायची, साडी सावरायची, उरकायचे, पाणी ओतायचे आणि बाहेर यायचे. सोबत लहान मूल असेल किंवा पाळी चालू असेल, तर हे गणित कोलमडतेच. पुढे स्वच्छ भारत अभियानात सामुदायिक शौचालयांसाठी ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक असे प्रमाण आले. त्याने बाईच्या वाट्याला पावणेपाच मिनिटे येतात. सुधारणा मोठी आहे. पण मोजमाप अजून डोक्यांचेच आहे, वेळेचे नाही.

शहराच्या सामाजिक प्रश्नांना माणूसकेंद्री डिझाइन-संशोधनाची गरज कुठे पडते, ते या उदाहरणात दिसते. ज्याला ती वस्तू किंवा सेवा वापरायची आहे त्याचे जगणे आधी जवळून पाहायचे, त्यावरून प्रश्न ठरवायचा, मग स्वस्तात नमुना करून तो वापरायला द्यायचा आणि चुका दिसतील तसा बदलायचा, असा या पद्धतीचा क्रम आहे. त्यातला सर्वांत अवघड भाग प्रश्न ठरवण्याचा. हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी १९७३ साली नगरनियोजनाबद्दल हेच मांडले होते: सामाजिक प्रश्नाची व्याख्या जो जशी करतो, तसेच उत्तर त्याला सुचते. ‘संडास कमी आहेत’ अशी व्याख्या केली की उत्तर संडास बांधणे हेच असते. मग बांधलेले संडास दोन वर्षांत का बंद पडतात, हे कोडे उरते.

या पद्धतीचा एक उगम कारखान्यात आहे, आणि तो विसरला जातो याचे मला वाईट वाटते. १९७०च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेत क्रिस्टन निगार्ड हे संगणकतज्ज्ञ लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करत होते. कारखान्यात येऊ घातलेल्या संगणकयंत्रणेबद्दल कामगारांना अभ्यासपूर्वक स्वतःची बाजू मांडता यावी, हा त्या कामाचा हेतू होता. म्हणजे वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी टिपून घेण्याच्या पुष्कळ पुढे जाऊन निर्णयातला वाटा मागण्याचे हे शास्त्र होते. आज अनेक ठिकाणी दोन दिवसांची कार्यशाळा भरवून, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावून ‘लोकसहभाग’ झाल्याची नोंद होते. शेरी आर्नस्टाईन यांनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची जी शिडी मांडली, तिच्या खालच्या पायऱ्यांवर या प्रकाराची जागा आहे.

मुंबईत या शास्त्राचा सर्वांत भरीव प्रयोग डिझाइनचे शिक्षण न घेतलेल्या बायकांनी केला. १९८४ साली स्पार्क ही संस्था स्थापन झाली आणि तिने भायखळा परिसरातल्या पदपथांवर राहणाऱ्या कुटुंबांसोबत काम सुरू केले. १९८५ साली पदपथवासीयांची गणना झाली. त्याच वर्षी जुलैत पदपथावरच्या झोपड्या हटवण्याबद्दलच्या ओल्गा टेलिस खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि त्या हटवल्या जाण्याची भीती डोक्यावर होती. अशा वेळी मोजणीला निराळाच अर्थ येतो. ही माणसे आज इथे, उद्या तिथे अशी भटकी आहेत, हा समज गणनेने खोडून काढला. कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच पदपथावर राहत होती आणि कामाला पायी जात होती. पुढे महिला मिलन ही बचत करणाऱ्या बायकांची संघटना आणि जोकिन अर्पुथम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ स्पार्कबरोबर उभे राहिले. वस्तीने स्वतःची मोजणी करायची, झोपड्यांना क्रमांक द्यायचे, हाताने नकाशा काढायचा आणि तो लोकांकडूनच तपासून घ्यायचा, ही त्यांची रीत झाली. माहिती वस्तीच्या हाती राहिली, म्हणून ती पालिकेच्या टेबलावर वाटाघाटीत वापरता आली.

१९८७च्या सुमारास या बायकांनी भायखळ्यात घरांच्या खऱ्या मापाच्या प्रतिकृती मांडल्या. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून उभ्या केलेल्या त्या घरांत लोक शिरत, चूल कुठे, मोरी कुठे, निजायचे कुठे हे करून बघत. उंची १४ फूट हवी, म्हणजे पोटमाळा काढता येतो, हा निष्कर्ष त्यातून निघाला. नकाशावर चौरस फूट दिसतात. पोटमाळ्याची गरज तिथे राहणाऱ्यालाच कळते. घरात संडास नको, शेजारच्या काही घरांत मिळून एक असावा, असाही कौल त्यांनी तेव्हा दिला. तो चकित करणारा होता, पण तोही अनुभवाचा होता: एवढ्याशा खोलीत चुलीला लागून संडास, आणि तुंबला तर निस्तरायचे कोणी?

या अभ्यासाचे फळ पुण्यात मोठ्या प्रमाणावर दिसले. रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, १९९९ ते २००१ या काळात पुणे महापालिकेने ४००हून अधिक सामुदायिक शौचालये बांधून घेतली. सीटांची संख्या १०,०००च्या वर गेली. बांधकामाचा खर्च पालिकेचा आणि आराखडा, बांधणी व देखभाल स्वयंसेवी संस्थांची, अशी विभागणी होती. स्पार्क, महिला मिलन आणि महासंघ यांच्याकडे ११४ शौचालये आली. कधी कंत्राट न घेतलेल्या बायका गवंड्यांवर देखरेख करू लागल्या.

त्या आराखड्यातली मुलांची जागा नीट पाहण्यासारखी आहे. जुन्या शौचालयांत लहान मुले जात नसत. रांगेत मोठी माणसे त्यांना मागे ढकलत. आत अंधार, वास, आणि मोठ्यांच्या मापाचे भांडे. पाय फाकवून बसताना तोल जाऊन भोकात पडू ही भीती. म्हणून मुले बाहेर गटाराच्या कडेला बसत आणि मग वस्तीच अस्वच्छ आहे असा शेरा पडे. नव्या बांधणीत मुलांसाठी वेगळी, लहान मापाची भांडी आली, भोक लहान झाले, धरायला दांडी आली. ११४ शौचालयांत मुलांच्या सुमारे ५०० सीट होत्या. सर्वेक्षणात कुटुंबप्रमुखाला ‘संडास पुरेसे आहेत का’ असे विचारून ही गरज कधीच कळली नसती. मूल प्रश्नावली भरत नाही. ते कुठे बसते, हे पाहावे लागते, आणि त्याच्या मागून पाणी घेऊन जाणाऱ्या आईला ते आधीपासून ठाऊक असते.

बाकीचे बदलही असेच निरीक्षणातून आले. स्त्रिया आणि पुरुषांची दारे व रांगा वेगळ्या झाल्या. दार दोन्ही बाजूंना उघडणारे झाले, कारण हातात बादली असताना अरुंद जागेत आत उघडणारे दार ओढून घेणे जिकिरीचे होते. पाण्याची टाकी आली. आणि देखभाल करणाऱ्याला कुटुंबासह राहायला तिथेच खोली मिळाली. ही खोली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तिच्यामुळे पगाराचा काही भाग निवाऱ्याच्या रूपाने देता आला आणि शौचालयाजवळ अवेळीही कोणी जागे राहिले.

इथवर वस्तूची गोष्ट झाली. खरी कसोटी उद्घाटनानंतर लागते. पुण्यात महिना २० रुपयांचा कौटुंबिक पास होता. २० सीटांचे एक शौचालय धरू. ५०च्या प्रमाणाने ते १,००० माणसांचे, म्हणजे साधारण २०० कुटुंबांचे. सगळ्यांनी पास काढला तर महिन्याला ४,००० रुपये जमतात. त्यात देखभाल करणाऱ्याचे मानधन, वीज, फिनेल, झाडू, कडीकोयंड्याची दुरुस्ती बसवायची. निम्म्यांनीच पास काढला तर २,०००. पाणी माणशी पाच लिटर धरले तरी दिवसाला ५,००० लिटर लागते. नळ दोन दिवस गेला की टाकी रिकामी, मग सीट तुंबतात, मग लोक पास घेत नाहीत, मग मानधन थकते. मुंबईत या जमाखर्चात वस्तीच्या संस्थांची आणखी एक अडचण झाली, ती म्हणजे व्यावसायिक दराने येणारी वीज-पाण्याची बिले. म्हणून सीटांची संख्या, पासाची रक्कम आणि पाण्याचा दर या तिन्ही गोष्टी एकाच आराखड्याच्या भाग आहेत. त्यांतली एक जरी वेगळ्या खात्यात, वेगळ्या कागदावर ठरली, तरी सुंदर इमारत निकामी होते.

जमिनीचा प्रश्न तर डिझाइनच्या आवाक्याबाहेरचा. मुंबईतला कार्यक्रम मुख्यतः पालिकेच्या जमिनीवरच्या वस्त्यांत चालला. रेल्वे, बंदर किंवा खासगी जमिनीवरच्या वस्त्यांना परवानगीच मिळत नसे. तिथल्या माणसांचे जगणे कितीही बारकाईने टिपले, तरी पाया खोदायला जागा देणारा शिक्का दुसऱ्याच्या हातात असतो. हे बोलून न दाखवणारे संशोधन मला अपुरे वाटते.

पद्धत एकच असूनही उत्तरे निरनिराळी येतात, हेही इथे स्पष्ट होते. पुण्यातली शेल्टर असोसिएट्स ही संस्था वस्तीचा घरनिहाय नकाशा करते, मलवाहिनी कुठून जाते ते पाहते, आणि ‘एक घर, एक टॉयलेट’ या तत्त्वावर साहित्य दारात पोचवते. बांधकाम कुटुंब करते. ज्या गल्लीत वाहिनी आहे आणि घरात कोपरा निघतो, तिथे घरातला संडासच चांगला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मध्यरात्री बाहेर जावे लागणाऱ्या मुलीला विचारले, तर वाद उरत नाही. पण दहा बाय दहाच्या खोलीत, वाहिनीच नसलेल्या टेकडीवर तोच आग्रह धरला, तर तो अन्याय होतो. भायखळ्याच्या बायकांचा १९८७चा कौलही त्यांच्या नातींनी तसाच पाळावा, अशी अपेक्षा करता येणार नाही. निष्कर्षाला गल्ली असते, तशी तारीखही असते.

मुंबईतल्या ‘राईट टू पी’ मोहिमेने २०११ पासून याच पद्धतीने प्रश्न फिरवला. सार्वजनिक मुताऱ्या पुरुषांना मोफत आणि बायकांना मात्र लघवीलाही पैसे, हे त्यांनी ठिकठिकाणी जाऊन नोंदवले. ‘सुविधा कमी’ या गुळमुळीत तक्रारीऐवजी उघड भेदभावाचा पुरावा पुढे आला. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाच्या जनहित याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांच्या स्वच्छतागृहांबाबत निर्देश दिले. पुण्यातच ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेने वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची विनंती घराघरांत नेली. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईला पुडी उघडावी लागू नये, एवढाच त्या विनंतीचा हेतू. २०१६च्या घनकचरा नियमांनी पॅडसोबत वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. ती पाळली जाते की नाही, हे त्याच बाईच्या हातांना सर्वांत आधी कळते.

माझी मागणी निविदेतल्या एका कलमापुरती आहे. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता आज बांधकाम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सुटतो. तो शौचालय सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, पहाटे पाच ते सात या वेळात बायकांच्या रांगेतला प्रतीक्षावेळ मोजून सुटावा. मोजणी वस्तीतल्या बायकांनीच करावी, त्याचे मानधन प्रकल्पखर्चात धरलेले असावे, आणि आकडे शौचालयाच्या दारावर मराठीत लावावेत. ठरलेल्या वेळेपेक्षा रांग लांबली, तर सीट वाढवायच्या की पाणी, हे पालिका, कंत्राटदार आणि वस्ती यांनी दाराशी उभे राहून ठरवावे. दरपत्रकात यासाठी नवा मथळा लागेल. तो घालण्याचा अधिकार आयुक्तांकडे आणि स्थायी समितीकडे आहे.