टपालाला दोन दारे, पहारा मात्र एकाच दारावर!

पनवेलच्या हिरानंदानी फॉर्च्यून सिटीत जुलै २०२० मध्ये ‘योट्टा एनएम-१’ हे डेटा सेंटर सुरू झाले. या एका इमारतीची क्षमता सुमारे ७,२०० रॅकची असल्याचे सांगण्यात आले होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २०२० रोजी वीज पारेषण यंत्रणेतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा मोठा भाग काही तास विजेविना राहिला. लोकल गाड्या जागीच थांबल्या. अशा प्रसंगी डेटा सेंटरला जनित्रांचा आधार असतो. तळोजा वा पाताळगंगा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याने आपल्याच कार्यालयात मेल सर्व्हर ठेवला असेल, तर तो मात्र यूपीएसची बॅटरी पुरेल तेवढाच वेळ तग धरतो. दुसऱ्या गावी दुसरा सर्व्हर हवा, हा विचार इथूनच सुरू होतो.

स्वतःचा सर्व्हर ठेवण्यामागे हिशेब आहे. पोस्टफिक्स, डव्हकॉट ही सॉफ्टवेअर मुक्त परवान्यावर मिळत असल्याने दर पत्रपेटीमागे भाडे पडत नाही आणि पत्रव्यवहार आपल्या ताब्यात राहतो. जोखीमही मोठी. न्हावा-शेवा बंदरातील मालाची कागदपत्रे हाताळणाऱ्या कस्टम्स एजंटाचे एक खरे पत्र कचऱ्यात गेले, तर कंटेनर अडकून विलंबशुल्क चढत राहते. ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे सांगणारे एक खोटे पत्र आत शिरले, तर रक्कमच हातची जाते.

नको असलेल्या ई-मेलचा इतिहास ३ मे १९७८ पर्यंत मागे जातो. त्या दिवशी ‘डिजिटल इक्विपमेंट’ या अमेरिकी संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरील सुमारे चारशे जणांना एकच जाहिरात धाडली. हा उपद्रव दोन वर्षांत संपेल, असे भाकीत बिल गेट्स यांनी २००४ मध्ये दावोस येथे केले होते. ते किती खरे ठरले, हे प्रत्येकाची पत्रपेटीच सांगते.

गाळणीची रचना साधारण अशी असते. पत्र घेऊन येणाऱ्या सर्व्हरचा पत्ता स्पॅमहाउससारख्या संस्थेच्या काळ्या यादीत आहे काय, हे प्रथम दारातच तपासले जाते. (ही विचारणा गुगलच्या सार्वजनिक डीएनएसमार्फत केल्यास स्पॅमहाउस उत्तर नाकारते. त्यासाठी स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर चालवावा लागतो. नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.) मग एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदींवरून पाठविणाऱ्याची ओळख पडताळली जाते. त्यानंतर स्पॅमअसॅसिन किंवा आरस्पॅमडी हे सॉफ्टवेअर पत्राला गुण देते. स्पॅमअसॅसिनमध्ये मूळ मर्यादा पाच गुणांची आहे. त्याच्या भाषा ओळखणाऱ्या जोडसुविधेला मराठीही ठाऊक आहे. पण मान्य भाषांच्या यादीत एकटी इंग्रजी ठेवली, तर मराठी पत्राला विनाकारण गुण चढू शकतात. पनवेलच्या कार्यालयाने ही यादी अवश्य पाहावी.

आता दुसऱ्या सर्व्हरकडे वळू. डीएनएसमधील एमएक्स नोंदीत पहिल्या पसंतीचा सर्व्हर पनवेलला आणि दुसऱ्या पसंतीचा पुण्याला, अशी मांडणी करता येते. पहिला बंद असेल तरच दुसऱ्याकडे जावे, हा शिष्टाचार प्रामाणिक सर्व्हर पाळतात. कचरा धाडणारे नेमके उलट करतात. पहिला सुरू असतानाही ते मुद्दाम दुसऱ्या दारावर जातात, कारण तेथे पहारा ढिला असतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. त्यातही पुण्याच्या सर्व्हरकडे पनवेलच्या पत्रपेट्यांची यादीच नसेल, तर तो आले ते पत्र स्वीकारतो. पुढे पनवेलने ‘असा कोणी नाही’ म्हणून नकार दिला की बिचारा पुण्याचा सर्व्हर ते पत्र पाठविणाऱ्याच्या नावावर परत धाडतो. ते नाव बहुधा चोरलेले असते. परिणामी तिऱ्हाइताच्या पेटीत कचरा पडतो आणि काळ्या यादीत आपलेच नाव चढते.

म्हणून प्रतिकृती पत्रांची ठेवावी, तशी गाळणीच्या शहाणपणाचीही ठेवावी. पॉल ग्रॅहम यांच्या ऑगस्ट २००२ मधील लेखाने लोकप्रिय झालेली बेझियन पद्धत कार्यालयातील माणसांनी कचऱ्यात टाकलेल्या पत्रांवरून शिकते. हे शिक्षण पनवेलच्याच यंत्रावर राहिले, तर पुण्याचा पहारेकरी कायम नवखा राहतो. ‘ग्रेलिस्टिंग’चेही तसेच. अनोळखी पत्राला ‘थोड्या वेळाने या’ असे सांगायचे आणि परतून येईल त्यालाच आत घ्यायचे, ही ती युक्ती. इव्हान हॅरिस यांनी २००३ मध्ये ती मांडली. दोन्ही सर्व्हरच्या वह्या वेगवेगळ्या असल्या, तर एका दारावरून परत पाठविलेले खरे पत्र दुसऱ्या दारावर पुन्हा अनोळखीच ठरते. आरस्पॅमडी बेझियन शिक्षण व ग्रेलिस्टिंगच्या नोंदी रेडिस या डेटाबेसमध्ये ठेवू शकते आणि रेडिसची प्रतिकृती ठेवणे तुलनेने सोपे आहे.

पत्रपेट्यांच्या बाबतीत अलीकडे अडचण वाढली आहे. डव्हकॉटमध्ये दोन सर्व्हर परस्परांशी सतत जुळवून ठेवणारी सोय होती. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीतून ती काढून टाकण्यात आली. ठराविक अंतराने पेट्या जुळवून घेण्याची आज्ञा शिल्लक आहे, किंवा संपूर्ण डिस्कच डीआरबीडीद्वारे दुसऱ्या यंत्रावर उतरविता येते. जुन्या २.३ मालिकेवर अडून बसणे हा फार तर तात्पुरता इलाज. शिवाय प्रतिकृती म्हणजे बॅकअप नव्हे. पनवेलला कोणी चुकून फोल्डर पुसले, तर पुण्यालाही ते पुसले जाते. रोजची वेगळी प्रत तिसऱ्या जागी हवीच.

लहान कार्यालयाला दुसऱ्या एमएक्सची गरज असतेच असे नाही. ई-मेलच्या नियमांनुसार पाठविणाऱ्या सर्व्हरने किमान चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करणे अपेक्षित आहे. काही तासांच्या वीजखंडाने पत्र हरवत नाही, उशिरा येते. ढिल्या पहाऱ्याच्या दोन दारांपेक्षा चोख पहाऱ्याचे एकच दार आणि पेट्यांची परगावी प्रतिकृती, ही व्यवस्था बरी.

कायद्याचा आधार येथे तोकडा आहे. त्रासदायक ई-मेलचा समावेश असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. उलट सर्व्हर चालविणाऱ्यावरील जबाबदारी वाढली. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत द्यावी लागते, नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि यंत्रांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवावी लागतात. हे पनवेलच्या सर्व्हरइतकेच पुण्याच्या सर्व्हरलाही लागू आहे, मग तो वर्षातून एकदाच कामाला येत असला तरी.